भरलेली असताना नीट चालणारी जुनी डिझेल पिकअप रिकामी परतताना घाटात का अडखळते?

टोमॅटोवाला

नमस्कार. माझी पिकअप २००७ सालची असून मी ती २०१४ मध्ये जुनी विकत घेतली. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा रोटरी पंप, इंजिनाच्या अंगावर बसवलेला आणि टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप आणि त्यालाच हाताने दाबायचा प्रायमर अशी तिची साधी रचना आहे. कॉम्प्युटर, सेन्सर किंवा कोड वाचण्याची सोय यांपैकी तिच्यात काहीही नाही. ओतूरजवळच्या आमच्या शेतातून टोमॅटो आणि हंगामाप्रमाणे कांदा भरायचा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण या मार्गाने तो वाशीच्या बाजारात पोहोचवायचा आणि रिकामे कॅरेट घेऊन परत यायचे, एवढेच तिचे काम आहे. एका बाजूचे अंतर सुमारे १४० किलोमीटर पडते.

गेल्या चार महिन्यांपासून गाडी अधूनमधून मिसिंग मारते. माल भरून जाताना तिची काहीही तक्रार नसते. परतताना मात्र मोरोशी सोडून घाट चढायला लागलो की दोन-तीन वळणांनंतर इंजिनाचा आवाज बसतो, अ‍ॅक्सिलेटर दाबूनही गाडी ओढत नाही, चार-पाच झटके बसतात आणि मागून पांढुरका धूर दिसतो. कधी दहा-पंधरा सेकंदांत ती आपोआप सावरते, तर कधी बंदच पडते. बंद पडली की बॉनेट उघडून प्रायमर वीस-पंचवीस वेळा दाबतो, मग ती चालू होते आणि उरलेला घाट निमूटपणे चढते. प्रत्येक फेरीला असे होतेच असेही नाही. चार फेऱ्यांत साधारण दोनदा होते. आठवड्यातून एखाद्या सकाळी सेल्फही नेहमीपेक्षा बराच वेळ मारावा लागतो.

आतापर्यंत डिझेल फिल्टर दोनदा बदलला आहे. पाण्याचा कप सोडून पाहिला, त्यात चमचाभर पाणी निघाले. एअर फिल्टर नवा आहे. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून घेतले आणि त्यांतील दोन बदलले. आमचे नेहमीचे मिस्त्री आता म्हणतात की रोटरी पंप खोलावा लागेल. पंप खोलायचा म्हणजे खर्च मोठा आहे आणि ऐन हंगामात गाडी आठवडाभर उभी राहणार आहे. मला न सुटलेले कोडे असे की सव्वा टन माल भरलेला असताना इंजिनाला काही होत नाही आणि रिकाम्या गाडीला मात्र दम लागतो. पंप खराब असता तर उलट झाले नसते का? पावसाळ्यात रात्री धुक्यात, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना बॉनेट उघडून उभे राहण्याची आता भीती वाटू लागली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


नाशिक वाहतूक

दादा, आमच्या दोन पिकअपना अगदी हेच झाले होते. सहा महिने फिल्टर आणि नोझल बदलण्यात घालवले आणि शेवटी पंप करूनच घेतला, त्यानंतर एकीची तक्रार कायमची गेली. दुसरीची मात्र गेली नाही. ती आम्ही विकून टाकली. गाडीने पंधरा-सोळा वर्षे ओढले असेल तर पंपाची कधी ना कधी पाळी येणारच, त्यामुळे तुमचे मिस्त्री चुकीचे सांगत आहेत असे मला वाटत नाही.


ओहायोतला कोल्हापूरकर

माझ्याकडे इथे अमेरिकेत गेल्या शतकाच्या शेवटची एक जुनी पेट्रोल पिकअप आहे आणि तिनेही असाच छळ मांडला होता. माझ्या बाबतीत दोष इग्निशन कॉइलमध्ये निघाला. कॉइलच्या आत बारीक तडा होता आणि इंजिन तापले की तो उघडा पडून ठिणगी कमजोर होत असे. गार झाले की सगळे पूर्ववत. इथे १९९६च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना कोड वाचण्याचे एकसारखे सॉकेट सक्तीचे झाल्यामुळे निदान सोपे गेले. आपल्या डिझेल गाडीत कॉइलही नाही आणि ठिणगीही नाही हे मला माहीत आहे, तरी एक प्रश्न विचारावासा वाटतो: आपली गाडी केवळ तापल्यावरच अडखळते का? तापमानाशी संबंध असेल तर शोधाची दिशा बदलते.


हँडपंप

मी सांगलीत गॅरेज चालवतो आणि तीस वर्षांत अशा तक्रारीच्या बऱ्याच गाड्या पाहिल्या आहेत. पंप खोलण्याची घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

प्रथम आपल्या कोड्याबद्दल. भरलेल्या गाडीला त्रास होत नाही आणि रिकाम्या गाडीला होतो, असे आपण लिहिले आहे; पण ओतूरहून कल्याणला जाताना भरलेली गाडी माळशेज उतरते आणि परतताना रिकामी गाडी तोच घाट चढते. म्हणजे ओझ्यासोबत चढही बदलतो. तिसरी गोष्ट आपण लिहिलेली नाही, ती मी विचारतो: परतताना टाकीत डिझेल किती असते? निघताना काटा बराच वर आणि घाटाच्या पायथ्याशी तो पावाच्या आसपास, असे असेल तर ओझे, चढ आणि टाकीची पातळी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलत आहेत आणि दोष आपण त्यांतल्या एकीच्याच नावावर टाकत आहात. कोल्हापूरकरांनी विचारलेली इंजिन तापण्याची गोष्ट चौथी. ही गाठ सोडवायला पान्याची गरज नाही. पुढच्या फेरीला मुरबाडला टाकी गळ्यापर्यंत भरा आणि नेहमीप्रमाणे घाट चढा. ओझे तेच, चढ तोच, इंजिन तेवढेच तापलेले, बदललेली असेल ती फक्त पातळी. अशा दोन-तीन फेऱ्या निर्विघ्न झाल्या तर पंपाला हात लावण्याचे कारण उरत नाही.

आता इंजिन मरताना कसे मरते ते नीट ऐका, कारण त्यात अर्धे निदान असते. एखादा नोझल किंवा एखादे सिलिंडर काम करत नसेल तर इंजिन लंगडते. त्या लंगडण्याला एक ठराविक ताल असतो आणि तो आयडलिंगलाही ऐकू येतो. तेव्हा एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करून कोणत्या सिलिंडरने फरक पडत नाही ते पाहतात. (हे करताना उडणाऱ्या डिझेलसमोर हात किंवा डोळे आणू नयेत, त्या दाबाचे डिझेल कातडीच्या आत शिरते आणि बाहेरून साधा टोचल्याचा ठिपका दिसतो.) पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या खटक्याची, वायर ढिली असेल तर इंजिन दिवा विझावा तसे एका क्षणात बंद होते आणि खड्ड्यात गाडी आदळली की तसेच परत चालू होते. डिझेलच कमी पोहोचत असेल किंवा त्यात हवा मिसळत असेल तर चारही सिलिंडर मिळून हळूहळू दम सोडतात, झटके बसतात आणि सावरताना अर्धवट जळलेल्या डिझेलचा पांढुरका धूर निघतो. आपले वर्णन या तिसऱ्या प्रकाराशी जुळते. प्रायमर दाबल्यावर गाडी चालू होते हा त्याचा आणखी एक पुरावा आहे, कारण प्रायमर दाबून आपण हवाच पुढे ढकलत असता.

आता यातही दोन शक्यता राहतात. एक म्हणजे वाट तुंबणे: टाकीतली जाळी, चेमटलेला पाइप, टाकीच्या झाकणातले हवेचे बंद पडलेले छिद्र. दुसरी म्हणजे हवा आत ओढली जाणे. तुंबलेली वाट ओझ्याला आणि वेगाला जास्त त्रास देते आणि टाकी भरल्याने तिला फारसा दिलासा मिळत नाही. टाकीतली पातळी एक फुटाने वाढली तरी त्यामुळे वाढणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम चाळिसाव्या हिश्शाइतका असतो. पातळीने जर मोठा फरक पडत असेल तर भरल्या टाकीत बुडालेले काहीतरी रिकाम्या टाकीत उघडे पडते आहे, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागेल.

हवेच्या गळतीत फसवणारी गोष्ट ही की तिचा डाग पडत नाही. फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असते, तिथे गळती झाली तर ओल दिसते आणि वास येतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र ओढ असते. तिथे रबरी नळीला भेग असेल तर चालू गाडीत डिझेल बाहेर न येता हवा आत जाते आणि नळी बाहेरून ठणठणीत कोरडी दिसते. परवाच एका गाडीत नळीवरची क्लिप इतकी आवळलेली होती की तिच्या पट्टीने रबर आतून कापले होते. वरून बघणाऱ्याला ती सगळ्यात घट्ट जागा वाटली असती.

तपासणी अशी करा. झाकणाची शंका आधी दूर करा: पाव टाकी असताना झाकण सैल ठेवून चढ चढा, पण त्यातून पाणी-धूळ जाणार नाही याची काळजी घ्या. सोलेनॉइडच्या टोकापासून एक वायर आणून डॅशबोर्डवर १२ व्होल्टचा छोटा दिवा लावा. झटके बसताना तो लुकलुकला तर दोष वायरिंगमध्ये, स्थिर राहिला तर त्या बाजूचा विचार सोडून द्या. त्यानंतर फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी बसवा. घाटात जायची गरज नाही. पाव टाकी असताना गाडी चांगल्या उतारावर तोंड वर करून उभी करा, हातब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा आणि कोणालातरी अ‍ॅक्सिलेटर धरायला सांगून नळीकडे पाहा. रोटरी पंप जाळण्यासाठी लागते त्यापेक्षा बरेच जास्त डिझेल फिरवतो आणि उरलेले रिटर्नने टाकीत पाठवतो, त्यामुळे उभ्या गाडीतही ओढ पुरेशी असते. चालू केल्यावर पहिल्या मिनिटात एखाददुसरा बुडबुडा गेला तर त्याचे काही नाही. सतत माळ लागली तर हवा मागून येते आहे.

बुडबुडे दिसले तर शेवटची पायरी डबा. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात डिझेल घेऊन फीड पंपाची ओढनळी थेट त्यात सोडा आणि रिटर्नची नळीही त्याच डब्यात सोडा, नाहीतर डबा बघता बघता रिकामा होईल. डबा टाकीच्या उंचीलाच, खाली ठेवा. बरेच जण तो बॉनेटवर टांगतात. तसे केले की डिझेल वरून उतरते, ओढच राहत नाही आणि असलेली गळतीही लपते. डब्यावर नळी स्वच्छ राहिली तर दोष टाकी आणि तिच्यापासून येणाऱ्या पाइपात आहे. डब्यावरही बुडबुडे आले तर फीड पंपाच्या तोंडाचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) आणि त्याचे तांब्याचे वायसर पाहा. ते वायसर पुन्हा वापरू नयेत, जेमतेम दहा रुपयांची वस्तू असते.


नोझलटेस्टर

मी पंप आणि नोझलच्या खोलीत काम करतो, म्हणजे पंप खोलला तर फायदा आमच्यासारख्यांचाच. तरीही हँडपंप यांच्या क्रमाशी मी सहमत आहे. आमच्याकडे येणाऱ्या पंपांपैकी कित्येक टेस्ट बेंचवर चढवले की ठीक निघतात, पण तोपर्यंत ते गाडीवरून उतरवलेले असतात आणि मालकाचा निम्मा खर्च झालेला असतो.

सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो हे वाचून पंपाच्या सीलबद्दल मात्र एक शंका मनात आली. २००७ साली महानगरांबाहेर मिळणाऱ्या भारत स्टेज २ डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत ५०० भागांपर्यंत चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज ६ डिझेलमध्ये ते १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील इतर काही घटकही घटतात आणि त्या घटकांमुळेच जुन्या नायट्राइल रबराचे सील किंचित फुगून घट्ट बसलेले असत. डिझेल बदलले की ते थोडे आक्रसतात आणि आधीच कडक झालेले असतील तर गळू लागतात. त्यामुळे या वयाच्या रोटरी पंपाचे, विशेषतः अ‍ॅक्सिलेटरच्या शाफ्टचे सील तपासण्यासारखे असतात यात वाद नाही.

परंतु रोटरी पंपाच्या पोटात इंजिन चालू असताना दाब असतो. सील गेला असेल तर चालू गाडीत डिझेल बाहेर येईल: अ‍ॅक्सिलेटरच्या शाफ्टखाली ओल दिसेल आणि पुढचा सील गेला असेल तर डिझेल इंजिनात उतरून ऑइलची पातळी वाढेल. हवा आत शिरते ती गाडी उभी असताना, म्हणजे तक्रार सकाळची असते, घाटातली नसते. तेव्हा ऑइलची पट्टी काढून पातळी चढली आहे का आणि ऑइलला डिझेलचा वास येतो का ते पाहा. आणि एक लहानसे काम करा: ज्या सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो त्या सकाळी टाकीचा काटा कुठे असतो ते आठवडाभर लिहून ठेवा.


टोमॅटोवाला

सर्वांचे आभार. हँडपंप यांचा पहिलाच प्रश्न वाचून मी थोडा ओशाळलो. चार महिने मी रिकामी गाडी, रिकामी गाडी असे म्हणत राहिलो, पण भरलेली गाडी कधीच घाट चढत नाही हे माझ्या लक्षातच आले नव्हते. निघताना काटा साधारण पाऊण टाकीवर असतो आणि मोरोशीला पावाच्या जवळ येतो, हेही खरे आहे.

तीन आठवड्यांत जे केले ते सांगतो. मुरबाडला टाकी पूर्ण भरून चार वेळा घाट चढलो आणि चारही वेळा गाडी एकदाही अडखळली नाही. त्यांपैकी एकदा तर वाशीहून शेतासाठी खताच्या गोण्या आणल्या होत्या, म्हणजे गाडी भरलेली होती आणि दुपारच्या उन्हात इंजिन चांगलेच तापले होते. त्यामुळे ओझे आणि उष्णता या दोन्ही शंका गेल्या. पुढच्या फेरीला मुद्दाम डिझेल भरले नाही आणि झाकण सैल ठेवले. तिसऱ्या वळणावर नेहमीचे झटके बसले. डॅशबोर्डवरचा दिवा त्या वेळी जराही हलला नाही. ऑइलची पातळी जशीच्या तशी आहे आणि डिझेलचा वासही येत नाही.

सकाळच्या नोंदी नऊ दिवसांच्या आहेत. दोन सकाळी सेल्फ जास्त मारावा लागला आणि दोन्ही वेळा काटा पावाच्या खाली होता. बाकीच्या सात दिवशी तो अर्ध्याच्या वर होता आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली.

पारदर्शक नळी लावून आमच्या घरामागच्या चढावर गाडी उभी केली आणि भावाला अ‍ॅक्सिलेटर धरायला बसवले. पहिली दोन मिनिटे नळी पिवळसर, स्वच्छ होती. मग बारीक बुडबुड्यांची रांग सुरू झाली आणि हळूहळू नळीच्या वरच्या अंगाला हवेचा एक लांबट फुगा साचला. तो मागे-पुढे होत राहिला आणि एकदम सुटून फीड पंपात गेला. त्यानंतर थोड्याच वेळात इंजिनाने घाटात मारतो तसाच झटका मारला. इतके महिने ऐकत आलेली गोष्ट अशी डोळ्यांनी पाहिल्यावर बरे वाटले. दोष नेहमीच का दिसत नाही याचेही उत्तर त्यातच असावे: बुडबुडे सतत येत असतील, पण ते कुठेतरी साचून एकगठ्ठा सुटतील तेव्हाच इंजिन अडखळत असेल.

डब्यावर मात्र नळी शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. म्हणून टाकीपासून येणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या आणि चारही क्लिपा नव्या घातल्या, मधला लोखंडी पाइप पूर्ण पुसून पाहिला, त्याला गंज आहे पण छिद्र सापडले नाही. पुन्हा पाव टाकीवर चढावर उभी केली तर बुडबुडे तसेच. आता पुढे काय करावे?


हँडपंप

तुमचे निरीक्षण उत्तम आहे आणि हवेच्या साचण्याचा तुमचा तर्कही बरोबर आहे. फिल्टरच्या वरच्या भागातही अशीच हवा साचते. सपाट रस्त्यावर ती थोडी थोडी रिटर्नने निघून जाते आणि चढावर ओढ वाढली की एकदम पुढे सरकते.

बाहेरच्या नळ्या नव्या असूनही अर्ध्या टाकीखाली हवा येते, तर हवा टाकीच्या आतूनच येत असणार. टाकीवरून फ्लोट, म्हणजे काट्याला पातळी कळवणारा तरंगता भाग, काढा. काट्याच्या फ्लोटसोबतच डिझेल ओढणारा पाइप उभा खाली गेलेला असतो आणि त्याच्या तळाला जाळी असते. तो पाइप मधोमध गंजून त्याला छिद्र पडले असेल तर पातळी छिद्राच्या वर असेपर्यंत काहीही कळत नाही, कारण छिद्रातूनही डिझेलच ओढले जाते. पातळी खाली गेली की तेच छिद्र हवा ओढते. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या अंगाला जाते, तुमचा पाइप पुढच्या बाजूला असेल तर छिद्र आणखी लवकर उघडे पडते. सकाळचेही तेच: उभ्या गाडीत त्या छिद्रातून हवा शिरते आणि पाइपातले डिझेल टाकीत उतरते, मग सेल्फ मारून ते पुन्हा ओढावे लागते.

फ्लोट काढण्याआधी बॅटरीची वायर सोडा, वरची माती हवेने उडवून जागा पुसून घ्या, नाहीतर सगळी टाकीत पडेल. पाइप तोंडाने ओढून पाहू नका. खालचे टोक बंद करून, डिझेलच्या घमेल्यात बुडवून सायकलच्या पंपाने हवा मारा.


टोमॅटोवाला

सापडले.

फ्लोटचे सहा स्क्रू होते, त्यांतले दोन गंजाने धरले होते आणि एकाचे डोके तुटले. पाइप बाहेर काढला तेव्हा प्रथमदर्शनी काहीच दिसले नाही. तळाकडचा अर्धा भाग डिझेलने चकचकीत होता, वरच्या अर्ध्यावर तपकिरी पापुद्रा होता आणि त्या दोहोंच्या सीमेवर, साधारण मधोमध, करंगळीच्या नखाएवढा एक फुगलेला खवला होता. जाळीच्या टोकाला रबराची गुडदी बसवून पाइप घमेल्यात बुडवला आणि भावाने पंप मारला तर त्या खवल्याच्या कडेने मोत्यांसारखी दोन ठिकाणांहून बुडबुड्यांची रांग निघाली. खवला नखाने उचलला तर खाली सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रे होती. पाइप टाकीच्या पुढच्या बाजूलाच आहे, तेव्हा चढाचाही उलगडा झाला.

नवा फ्लोट तालुक्याला मिळाला नाही, पुण्याहून मागवला आहे. तोपर्यंत काढलेला पाइप धुऊन, वाळवून गावातल्या तांब्या-पितळेच्या कारागिराकडे नेला आणि छिद्रांवर पितळेचे झाळण करून घेतले. ते काम टाकीपासून दूर, त्याच्या भट्टीवर झाले, हे मुद्दाम सांगतो. परत बसवून पाव टाकीवर त्याच चढावर गाडी वीस मिनिटे उभी केली. नळीत एकदाही बुडबुडे दिसले नाहीत. त्यानंतर माळशेजच्या तीन फेऱ्या मुद्दाम कमी डिझेलवर केल्या, त्यांतली एक भर पावसात. काही झाले नाही.

एक शेवटचा प्रश्न: पारदर्शक नळी तशीच राहू दिली तर चालेल का? मला ती आता फार उपयोगी वाटते.


हँडपंप

नाही, ती काढा. ती डिझेलसाठी केलेली नळी नाही. इंजिनाच्या उष्णतेने आणि डिझेलने ती दोन-चार महिन्यांत कडक होईल, क्लिपखाली तडकेल आणि पुन्हा हवा ओढू लागेल. ओढीच्या बाजूला डिझेलची रबरी नळीच घाला, आणि क्लिप अगदी जीव काढेपर्यंत आवळू नका.


टोमॅटोवाला

काढली. तपासणीसाठी वीतभर तुकडा डॅशबोर्डच्या खणात ठेवला आहे.